शेवळांच्या रानातली वाट

धसईहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर शेवटचं. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. भातशेती मी आणि माझी मोठी जाऊ बघतो. काही वर्षांपूर्वी चार-पाच ट्रेकर दमून आमच्या ओट्यावर टेकले. ओढ्याकाठून माथ्यावर चढायची नवी वाट त्यांना सापडली होती, म्हणून खुशीत होते. त्यांची पुढारी एक हसरी बाई. तिने विचारलं, "काकू, जेवायला मिळेल का?" तेव्हापासून आमच्याकडे ट्रेकर जेवायला यायला लागले.

त्यांनी ती वाट फोनवर टाकली आणि सगळा पावसाळा शनिवार-रविवार माणसांची रीघ लागली. भाकऱ्या थापून हात दुखायचे, पण घर कसं भरल्यासारखं वाटायचं. जाऊ तर त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला शिकली.

पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघी शेवळं आणायला गेलो. पावसाच्या तोंडावर जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती आमच्याकडची रानभाजी. ओढ्याकाठी झाडांखाली दाट उगवायची. तिथे पाहिलं तर जमीन खळ्यासारखी टणक. एक कोंब नाही. दगडांवर तेवढे ट्रेकरांनी वाटेच्या खुणेला काढलेले रंगाचे बाण.

जाऊने टाचेने जमीन उकरून पाहिली. "पार तुडवलं गो," म्हणाली. ट्रेकरांना येऊ नका म्हणायचं तर आमचंच मन होईना. लागला होता लळा.

पुढच्या रविवारी ती बाई आली, तेव्हा जाऊने तिला जेवायच्या आधी तिथे नेलं. "हितं आमची भाजी यायची. आता नाय येत."

बाईने वाकून त्या टणक जमिनीवरून हात फिरवला. "आम्हाला वाटलं, इथे कुणी येतच नाही."

"आमी येतो ना," जाऊ म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

मग त्या दोघींनीच तोडगा काढला. वरच्या अंगाला गुरांची जुनी वाट होती. लांबची, पण पायाला बरी. बाईने फोनवरची वाट बदलली आणि आठवड्याने माणसं घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी मिळून बाण खरवडले, ओढ्याकडच्या वाटेच्या तोंडाला करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या. काही हौशी पोरं तरी घुसलीच. जाऊने ओट्यावरून हाका मारून त्यांना परत फिरवलं.

त्यानंतरचा जून कोराच गेला. त्याच्या पुढच्या वर्षी कडेकडेने दोन-चार कोंब दिसले, ते आम्ही तसेच ठेवले. यंदा मात्र जाऊ ओटी भरून घेऊन आली. सगळी नाही काढली, निम्मी राखली.

बाईला मुद्दाम बोलावलं. शेवळांची खाज मारायला काकडाच्या झाडाची आंबट फळं घालावी लागतात, ती गप्पांच्या नादात कमी पडली. सगळ्यांचे घसे खाजायला लागले. नवरा करवादला, "दोघी असून एक भाजी नीट होत नाय?" बाई ठसकत पाणी प्याली आणि ताट पुढे करून म्हणाली, "काकू, अजून थोडी वाढा."