गोठ्यातल्या शाळेचा रिपोर्ट

गोठ्याच्या दाराशी मी थांबलो तेव्हा आतून सतराचा पाढा ऐकू येत होता. माझ्यासोबत दिलेला पोलीस जवान मागे चावडीवर चहा घेत होता. त्याचा चहा संपायच्या आत मला काहीतरी ठरवायचं होतं.

गाव शहागडापासून दोन कोसांवर, गोदेच्या काठाला. नाव लिहीत नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मी शिक्षण खात्यात नायब मोहतमीम होतो. म्हणजे शाळा तपासणारा दुय्यम अधिकारी. बैलगाडीनं फिरायचं, हजेरीचं रजिस्टर पाहायचं, मुलं मोजायची, उर्दूत रिपोर्ट लिहायचा.

या गावात मी चार महिन्यांपूर्वी येऊन गेलो होतो. तेव्हा इथे सरकारी शाळा होती. त्या साली खात्याला पैशांची मंजुरी कमी मिळाली. पंचविसाच्या खाली हजेरी असलेल्या शाळांची यादी करा, त्या बंद करायच्या आहेत, असा हुकूम निघाला. मी आलो ते ऐन कापूस वेचणीत. रजिस्टरवर नावं तीस, वर्गात मुलं नऊ.

"साहेब, पंधरा दिवसांनी या," देविदास मास्तर म्हणाले. "वेचणी सरू द्या. मंग बघा."

यादी चार दिवसांत द्यायची होती. मी नऊ लिहिले. रिपोर्टात खोटं एक अक्षर नव्हतं. शाळा बंद झाली. मास्तर कच्चे होते, म्हणजे कायम नेमणूक नसलेले. त्यांना घरी बसवलं. ते आपल्या गावी, बदनापूरला निघून गेले.

दोन महिन्यांनी गावानं गाडी पाठवून त्यांना परत आणलं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते माझ्या साहेबांना, एका निनावी अर्जावरून. परवानगीशिवाय खाजगी शाळा चालवायला राज्यात बंदी होती. चालवणाऱ्यावर कारवाई व्हायची. दिवसही वाईट होते. चार माणसं एकत्र बसली तरी सरकारला संशय यायचा.

"मदरसा हमने बंद किया, तो बच्चे कहाँ पढ़ रहे हैं?" साहेबांनी विचारलं. मदरसा म्हणजे तेव्हा कुठलीही शाळा. "जाओ, बंद करवा के आओ. जवान साथ ले जाओ."

वाटेत जवान दोनदा म्हणाला, "मास्तरला आज अंबडच्या ठाण्यात न्यावं लागंल बहुतेक." मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

गावात कुणी काही सांगेना. "शाळा? न्हाई बा, ती तर तुमीच बंद केली." शेवटी पाढ्यांनीच मला वाट दाखवली.

मी आत गेलो. पाढे थांबले. गुरं चरायला गेली होती, जमीन शेणानं सारवून घेतलेली. देविदास मास्तर म्हणाले, "उठा रे, साहेब आले." सगळी मुलं उभी राहिली. एक लहान मुलगी रडायला लागली.

गोठा गयाबाईंचा होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीची बाई, हाताला कोंडा लागलेला.

"त्या वक्ताला मोजून गेल्ते ना?" त्या म्हणाल्या. "वेचणीच्या टायमाला आल्ते तुमी. आता मोजा की."

मी मोजली. एकतीस. त्यात सहा मुली.

"बाई, मला मोजायला नाही, बंद करायला पाठवलंय."

"मास्तर गेले अन् गावात कागद वाचणारं कुणी राह्यलं न्हाई. माझ्या लेकीचं पत्र आठ दिवस फळीवर पडून होतं. शहागडला जाऊन वाचून घेतलं तव्हा कळलं, जावई बिमार हाय. आठ दिवस, साहेब. पोरगी तिकडं एकटी."

मी मास्तरांना बाजूला घेतलं.

"परवानगीचा अर्ज केला होता का?"

"कुणाकडं करू? ज्यानं बंद केली त्याच्याकडंच?"

"हो, त्याच्याकडंच. आत्ता लिहा. तारीख आजचीच घाला, मागची नको."

दोन कागद वाया गेले, तिसऱ्यावर अर्ज उतरला. मी अर्ज घेतला, पोच लिहून दिली. जवान आला तेव्हा त्याला म्हणालो, "अर्ज दाखल झालाय. आता हे काम कागदावर गेलं. मास्तरला न्यायचं तर साहेबांचा लेखी हुकूम लागेल." तो म्हणाला, "तुमी म्हन्ता तसं. पर जिम्मेदारी तुमची."

जबाबदारी माझी, हे मला पूर्ण माहीत होतं. घरी तीन मुलं होती.

रिपोर्टात मी सरळ लिहिलं. वर्ग पाहिला. मुलं एकतीस. जागा गोठा. परवानगी नाही. अर्ज घेतला आहे. बंद करायचा असल्यास लेखी हुकूम व्हावा.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कागद त्यांच्यापुढे होता. मला बसा म्हणाले नाहीत.

"मैंने क्या कहा था?"

"बंद करायला सांगितलं होतं, साहेब. तोंडी."

"तो हुकूम लिखकर चाहिए आपको?"

"वरून विचारणा झाली तर माझ्याकडे काहीतरी पाहिजे, साहेब."

ते पुन्हा कागद वाचू लागले. एकतीस या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. लेखी हुकूम काढला तर त्यात तो आकडा आला असता. मग वरून कुणीतरी विचारलं असतं की चार महिन्यांपूर्वी या गावात नऊच मुलं कशी होती. ती यादी मी केली होती, पण सही त्यांची होती.

"अर्ज ऊपर भेज दो," ते म्हणाले. "आप जा सकते हैं."

महिन्याभरात माझी बदली भोकरदनला झाली. कारण लिहिलेलं नव्हतं.

अर्ज वर गेला आणि शंका घेऊन खाली आला. जागेला खिडक्या किती? मास्तरांनी खरं लिहिलं, एकही नाही. मग पिण्याच्या पाण्याबद्दल शंका. मग मास्तरांच्या वर्तणुकीचा दाखला. दर शंकेला पाच-सहा महिने. तोवर वर्ग चालू. निकाल लागायच्या आत राज्यच बदललं. नंतर गावाला सरकारी शाळा मिळाली, पक्क्या भिंतींची.

त्या शाळेवर देविदास मास्तरांना मात्र घेतलं नाही. इतकी वर्षं ते गावाच्या ज्वारीवर राहिले होते. पगार नसलेल्या मास्तराला मुलगी कोण देणार, म्हणून लग्नही राहिलं. ती वर्षं नोकरीत धरा, असं पत्र मी स्वतः खात्याला लिहिलं. उत्तर आलं, अशी शाळा रेकॉर्डवर नाही.

अर्ज लटकत ठेवला की शाळा वाचते, हे मी त्या गावात शिकलो. लटकलेल्या अर्जावर माणसाची नोकरी लागत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. यायला हवं होतं. माझं कामच ते होतं.