मृणालचा वोनवागन

जर्मनीत रेगेन्सबर्गला पोचलो त्या सकाळी डोनाऊ (आपण जिला डॅन्यूब म्हणतो ती नदी) दिसलीच नाही. पुलावरून गाडी गेली, मुलगा म्हणाला, "बाबा, ही खाली नदी," आणि मी खिडकीतून नुसतं पांढरं धुकं पाहिलं. जानेवारीचे दिवस. माझ्या पत्नीला थंडी सोसत नाही, म्हणून मी एकटाच आलो होतो. निघताना तिने एकच गोष्ट बजावली होती : "सुनेच्या कामात तोंड घालू नका. पाहुण्यासारखे राहा."

मुलगा निखिल मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, सून मृणाल सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्याच शनिवारी मृणाल मळकी जीन्स आणि दोन स्वेटर घालून दारात उभी राहिली.

"बाबा, येता का? माझा वोनवागन दाखवते."

वोनवागन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. निखिल चहा पीत म्हणाला, "तिचं खूळ आहे ते. जा तुम्ही. मला शनिवारी झोप हवी."

वीसेक मिनिटांवर एक खेडं होतं. तिथल्या फ्राऊ हूबर या सत्तरीच्या शेतकरीण बाईंनी आपली शॉयनं (गवत नि अवजारं ठेवायचं लाकडी कोठार) हिवाळ्यापुरती मृणालला दिली होती. ईस्टरच्या आत ती रिकामी करायची होती. आत ट्रॅक्टरशेजारी तो उभा होता : अंड्यासारखा गोल, फिकट हिरवा, मृणालपेक्षा वयाने मोठा. आत दोन बाकं, एवढीशी शेगडी, खिडक्यांना पिवळे पडलेले पडदे. बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात माझी एकतीस वर्षं गेली. बाहेरून पत्रा, आतून लाकडी सांगाडा, हे पाहून माझे हात शिवशिवायला लागले.

"दिवसभर स्क्रीनपुढे बसते ना," मृणाल म्हणाली, "संध्याकाळी हातात काहीच उरत नाही. हे निदान दिसतं."

तिने जुन्या जमिनीवर नवा प्लाय चिकटवायला घेतला होता. अर्धं काम झालं होतं, आणि सफाईनं झालं होतं. मी आत शिरलो. पुढच्या खिडकीखाली पाय ठेवला तर जमीन जराशी दबली. तिथे कुबट वासही येत होता. खिडकीतून पाणी झिरपून खालचं लाकूड सडलंय, हे मला तिथेच कळलं.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"छान झालंय," मी म्हणालो.

त्या दिवशी आणि पुढचे दोन शनिवार मी तिला प्लाय धरून दिला, गोंद लावून दिला, आणि गप्प राहिलो. दुपारी फ्राऊ हूबर बटाट्याचं गरम सूप आणायच्या. आम्ही त्यांना पोळीचा रोल द्यायचो. त्या तो बारकाईने उलगडून आत काय आहे ते पाहायच्या आणि मगच खायच्या.

तिसऱ्या शनिवारी निघताना मृणाल खुशीत म्हणाली, "पुढच्या वेळी इथे कपाट बसवू. मग हा कोपरा कायमचा झाकला जाईल."

आता मात्र मला राहवेना. "मृणाल, तिथे कपाट बसवू नकोस. खालचं लाकूड गेलंय."

तिने वाकून तळहाताने जमीन दाबली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"आणि तीन शनिवार तुम्ही मला गोंद लावून देत होतात?"

तिने गोंदाचा डबा झाकून ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

पुढच्या शनिवारी ती मला न सांगताच निघून गेली. तासभर मी खिडकीत बसलो. मग कोट चढवला आणि बसथांब्यावर गेलो. गावाचं नाव मोबाइलवर ड्रायव्हरला दाखवलं, तर तो "नाइन, नाइन" (नाही, नाही) म्हणत समोरच्या थांब्याकडे बोट दाखवू लागला. मी उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो होतो. दुसरी बस मिळाली खरी, पण उतरलो एक थांबा आधी. दोन्हीकडे पांढरी गोठलेली शेतं, मधून एकटा मी. लाज वाटत होती, आणि तरी कुंपणांच्या खांबांवर सुयांसारखं उभं राहिलेलं हिव पाहायला मी दोनदा थांबलो.

कोठारात मृणाल पहारीने आपणच चिकटवलेला प्लाय उचकटत होती. मला पाहून थांबली.

"कसे आलात?"

"चुकत चुकत."

ती हसली नाही, पण दुसरी पहार माझ्याकडे सरकवली. प्लाय निघाल्यावर तिचा हात लाकडातून आरपार खालच्या मातीला टेकला. तुळईचा नुसता भुसा झाला होता.

"आता सगळं सांगा," ती म्हणाली. "मला वाईट वाटेल की नाही, ते मी बघीन."

मग मी सांगत सुटलो. गावातल्या लाकूड कापणाऱ्याकडून नवी तुळई आणली. जुन्या-नव्याची टोकं अर्धी अर्धी कापून एकमेकांवर कशी बसवायची, ते दाखवलं. पहिला सांधा तिचा चुकला, दुसरा नेमका बसला. खिडकीला मी नेहमीची लांबी (पुट्टी) भरायला निघालो, तर तिने माझा हात धरला. "बाबा, ही वाळली की तडकते. इथल्या थंडीत नाही टिकणार. मऊ राहणारी पट्टी लावायची."

"खरंच?"

"गेनाऊ (अगदी)," ती म्हणाली. आणि तिचंच बरोबर निघालं.

फेब्रुवारीअखेर मी परतलो तेव्हा वोनवागनला जमीन होती, कपाट नव्हतं. विमानात एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. कारखान्यात नव्या माणसाची चूक दिसली की मी तिथल्या तिथे सांगायचो, कारण त्या बसमध्ये माणसं बसणार असायची. घरी मात्र चांगला सासरा ठरावं म्हणून गप्प राहिलो, आणि सुनेचे तीन शनिवार वाया घालवले. पत्नीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझंही चुकलंच."

एप्रिलमध्ये मृणालचा फोन आला. तपासणीत गाडी पास झाली होती, पहिला मुक्काम एका तळ्याकाठी होता, आणि आल्यापासून पाऊस कोसळत होता.

"आत थेंब नाही, बाबा! पण दार घासतंय. बिजागरी काढू की दार तासू? खरं सांगा."

"आधी चाकं समपातळीत आहेत का बघ," मी म्हणालो. "मला वाटतं, तू गाडी तिरकी उभी केलीयेस."