दहाचा प्लॅन सहाला

जालन्याच्या एमआयडीसीत फवारणी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कंप्युटर विभागात काम करते. तिथं रोज संध्याकाळी एक मोठा हिशेब सुरू व्हायचा. सगळे त्याला रन म्हणतात. कोणत्या पंपाच्या किती ऑर्डरी आल्यात, त्यांना किती टाक्या, नळ्या, नोझल लागतील, गोदामात काय पडून आहे, काय मागवायचं आणि आज कोणत्या लाइनवर काय चालवायचं, हे सगळं सॉफ्टवेअर त्यात ठरवतं. तो रन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला संपायचा. तोवर कारखाना हातावर हात ठेवून बसलेला. मला घेतलं होतं ते हेच दुरुस्त करायला.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील अंबडला शिक्षक, शाळा सुटली की कामगार संघटनेचे. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे आणि अंथरुणाला शाईचा वास. लहानपणी बसस्टँडवर पत्रकं वाटताना कुणी न वाचता चुरगळलं, तर मी त्याच्या मागं जाऊन दुसरं हातात द्यायची. यंत्रानं माणसाचे कष्ट कमी झाले पाहिजेत, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्यामुळं या नोकरीला जाताना आपण काही तत्त्व सोडतोय असं मला कधी वाटलं नाही.

पॅकिंगच्या बायका ठेकेदाराच्या, रोजंदारीवरच्या. त्यात आमच्या गल्लीतली एक मावशी होती. अंबडहून सकाळच्या एसटीनं आम्ही सोबत जायचो. ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरायची आणि वर म्हणायची, साहेबीणबाई आल्या, सरका. फाटकावर एक रिवाज होता. आठच्या आत जो आत आला, त्याची पूर्ण हजेरी, म्हणजे दिवसाचा पूर्ण रोज. प्लॅन दहाला येणार, म्हणजे आठला किती माणसं लागतील हे कुणालाच ठाऊक नसायचं. मग ठेकेदाराचा मुकादम सगळ्यांना आत घ्यायचा. प्लॅन आला की लागतील तेवढ्या बायका लाइनवर जायच्या, उरलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून वॉशर निवडायच्या, झाडू मारायच्या, गप्पा मारायच्या. मावशी वयानं मोठी, हात जरा सावकाश, म्हणून बहुतेक वेळा ती शेडमध्येच.

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसायची. त्यांची भाकरी आणि ठेचा खायची आणि आतून धुमसायची. जितीजागती माणसं अशी ताटकळत ठेवायची, त्यांना दिवसभर फुटकळ कामात घालवायचं, हा त्यांचा अपमान आहे असं माझं मत होतं. त्यातली एकही बाई तक्रार करत नव्हती. ती भीती आहे, असं मी समजले. पत्रकात तेच लिहिलेलं असतं.

मी पेटून कामाला लागले. सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर बंद पडलेल्या जुन्या पंपांचाही हिशेब ते रोज मांडत होतं. ज्या ऑर्डरी बदलल्या नाहीत, त्यांचीही वजाबाकी रोज पहिल्यापासून. प्रत्येक छोट्या बदलाची सूचना लिहून ठेवण्यात निम्मा वेळ जायचा आणि ती सूचना वाचत कुणी नव्हतं. मी मेलेले पंप बाजूला काढले. ज्यात काही बदललंय तेवढंच नव्यानं मोजायचं, असं केलं. साठ्याची माहिती शोधायला सॉफ्टवेअरला सगळा ढीग उपसावा लागायचा, तिथं सरळ वाट करून दिली. हे काम करताना मी इतकी खूश होते की जेवायचं विसरायची. शेवटी रन पहाटेच संपायला लागला. सहाला प्लॅन तयार. प्लॅनिंगच्या साहेबांनी राजूरच्या गणपतीचे पेढे आणले. मी दोन खाल्ले.

त्यानंतर एसटीत माझ्याशेजारची जागा अधूनमधून रिकामी राहू लागली. मला वाटलं, मावशी आजारी असेल. मग एकदा ती स्टँडवरच दिसली. हातात डबा, डोक्याला रुमाल, नजर मोबाइलवर. गाडी लागली तरी चढेना. मी खिडकीतून हाक मारली, तर म्हणाली, मुकादमाचा मेसेज यायचाय. मी खाली उतरले. गाडी गेली.

आता प्लॅन सहाला हातात असल्यामुळं मुकादम लागतील तेवढ्याच बायकांना बोलावत होता. मावशी पहाटे उठून डबा करून स्टँडवर यायची. मेसेज नाही आला तर परत. तोवर कापूस वेचणीला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो निघून गेलेला असायचा. तो दिवस तिचा दोन्हीकडून जायचा.

मी तिला सांगितलं की हे माझ्यामुळं झालं.

“माह्यीत हाय की,” ती म्हणाली. “मुकादमच सांगत व्हता, तुमच्या गावच्या मॅडमनं कंप्युटर पळाया लावला म्हणून. मंग तुला काय वाटलं, आम्ही तिथं कंटाळून राह्यलो व्हतो?”

मी म्हटलं, तुम्हाला बसवून ठेवत होते ना.

“अगं येडे, बसायचा रोज भेटत व्हता. जन्मात कुणी बसायचा दिलाय का मला? तुझ्या काकानं तर उभं ऱ्हायचाबी न्हाई दिला.”

ती हसली. मला हसू येईना. मी काय करून बसले होते ते मला तिथं, स्टँडच्या बाकावर, कळलं. त्या बायकांना भीती नव्हती. एक फट सापडली होती आणि त्या गुपचूप तिच्यात बसल्या होत्या. ती फट मी बुजवली, तीही त्यांच्या सन्मानासाठी.

साहेबांकडे गेले. प्लॅन रोज बदलतो म्हणून गोदामातून माल काढायचा, परत ठेवायचा, पुन्हा काढायचा, असं चाललंय, तेव्हा पुढच्या दोन दिवसांचा प्लॅन गोठवून टाकू, त्यात बदल नको, असं मी मांडलं. बायकांचाही विषय काढला. त्यांना मालाचं पटलं. माणसांचं ठेकेदार बघेल म्हणाले. ठेकेदार काय बघणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हजेरीचे दिवस परत आले नाहीत. इतकंच झालं की उद्या किती बायका लागणार हे आम्हाला ऑफिसात आदल्या संध्याकाळी कळू लागलं; मुकादमाचा मेसेज मात्र सकाळीच जायचा.

रन पुन्हा हळू करता आला असता. मेलेले पंप परत आत सोडायचे, बस. कुणाला पत्ता लागला नसता. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, लपून केलेली गोष्ट लढा नसते, पत्रक काढ. मी मान डोलावली, कारण ते सोयीचं होतं. खरं कारण वडिलांनाही सांगितलेलं नाही. तो रन मला आवडतो. मी केलेली इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही, आणि ती बिघडवायला माझा हात उचलत नाही. पत्रक काढलं. पूर्ण हजेरी द्या, आदल्या दिवशी कळवा. फाटकावर वाटलं. बायकांनी घेतलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. ठेकेदाराच्या समोर उघडून वाचलं कुणीच नाही. मावशीनं मात्र मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की यानं आहे ते कामही जाईल का.

आता संध्याकाळी मी घरी आले की मावशी आमच्या दारात येते. मुकादमाच्या मेसेजची वाट ती पाहत नाही. उंबऱ्यावर बसते आणि विचारते, “उद्या हाय का गं?” मी मोबाइलवर पॅकिंगचा आकडा बघते. तो लहान असला की शेवटच्या बायका गळतात, त्यात ती असतेच. मग मला तोंडानं सांगावं लागतं, “नाही, मावशी.”

“एक बाई जास्त लावली तर तुझ्या कंप्युटरचं काय जातंय?” ती चेष्टेनं म्हणते. सॉफ्टवेअरमध्ये एक बाई जास्त कुठं लावायची असते, ते मला बरोबर माहीत आहे. मी मोबाइल बंद करते. ती उठते, टेम्पोवाल्याला फोन लावते आणि उद्या वेचणीला एक जागा धर म्हणून सांगत गल्लीतून चालू लागते.