लाल चिंधीचा डबा

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. डबा भरला, वरनं पाणी सांडायला लागलं आणि उचलायला कुणीच येईना.

मी नळ बंद केला. "कुणाचाय हा?" मराठीतच वरडले. मंग हिंदीत वरडले. तिथल्या बायांना दोन्ही कळत न्हाई, पण तोंडात येईल ते निघत व्हतं. पिवळा वीस लिटरचा डबा, कडीला लाल चिंधी. अकरा वाजल्यापास्नं तो डबा मी माज्या हातानं पुढं सरकवत आणला व्हता. तीन तास वीस मिनिटं. आन् एवढ्या येळात मालकिणीचं तोंड मी एकदाबी बघितलं न्हाई. हे तवा ध्यानात आलं.

"मायकल! ये डिब्बा किसका है? पूछो जल्दी!"

मायकल म्हंजी आमचा दुभाषी, तिथलाच मास्तर, आमच्यात ऱ्हाऊन हिंदी शिकलेला. त्यानं इचारलं. एका म्हातारीनं हनुवटीनं दाखवलं. तिकडं काटेरी झुडूप व्हतं, साठेक पावलांवर.

थांबा, मागचं सांगते, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई.

मी शीतल, सासर पठारावरचं आणे गाव. मिलिटरी पोलिसात सिपाही व्हते. शिक्षण दहावी, तेबी दुसऱ्या फेरीत. शांतिसेनेत बायकांची प्लाटून आफ्रिकेत गेली, त्यात माजं नाव लागलं. पोरगी स्वरा चौदा महिन्यांची, सासूबाईंकडं ठेवली. तिकडं तीन वर्षं पाऊस न्हाई. गुरं मेलेली, माणसं चालत चालत छावणीला आलेली. आमा बारा जणींची ड्युटी पाण्याच्या पॉइंटवर. सकाळी सहाला निघायचं, आठला टँकर, लाईन लावायची, तीनला पॅकअप. चारच्या आत फरशीपूल ओलांडायचा, कारण चारनंतर बंदूकवाल्या टोळ्या फिरायच्या.

लाईन लावायचं काम माज्याकडं. पयल्याच दिवशी बघितलं, बाया डबे लाईनीत ठेवून सावलीला जाऊन बसत्यात. मला हसूच आलं. म्हणलं, हे तर आमचं आणे झालं राव!

आमच्या पठारावर उन्हाळ्यात टँकर येतो, तवा हंड्यांची लाईन लागती. हंडा म्हंजी माणूस. बाई घरी पोराला पाजत असू दे, न्हाईतर कुणाच्या बांधावर खुरपायला गेलेली असू दे, तिचा हंडा लाईनीत हाय म्हंजी ती हाय. मागची त्याला पुढं सरकवती. आन् हातानं बरं का, पायानं न्हाई. मी नवी नवरी असताना एकदा पायानं ढकलला, तर सासूबाई चार बायांत म्हणल्या, "का गं, तुज्या आईला बी लाथंनंच सरकवतीस का?" तवापास्नं जल्मात पाय लावला न्हाई.

पण आमच्या तुकडीवरच्या हवालदारसाहेबांची ऑर्डर येगळी व्हती. "जिस डिब्बे के पीछे आदमी खडा नहीं, वो डिब्बा लाइन से बाहर. समझी?"

"जी साब."

त्यांचंबी चूक नव्हतं. दांडगे गडी दहा दहा डबे लावून जायचे. पण मी त्या गड्यांचेच डबे काढायचे. बायांचे ठिवायचे. साहेबांची पाठ फिरली की हातानं पुढं सरकवायचे. मला वाटायचं मी लई चांगलं काम करतीय. त्या दिवशी त्या लाल चिंधीलाबी तसंच पुढं आणलं. एकदा तर तिच्या कडीवरची धूळ पुसली, आन् मनात म्हणलं, बस बाई सावलीला, हाय मी.

झुडपापाशी पोचले. बाई कुशीवर पडलेली. सावली कवाच सरकून गेलेली, ती उन्हातच. मी नाडी बघितली, मानंला बोटं लावली. अंग गरम व्हतं, पण ते उन्हानं तापलेलं. बाई गेलेली व्हती.

पदराखाली लेकरू. पोरगी. वय दोन वरसं आसंल, पण अंगानं माज्या स्वरापेक्षा बारकी. डोळं उघडं, रडत न्हाई. पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली, तर चिमटी तशीच ऱ्हायली. फर्स्ट एडच्या क्लासमदी हे शिकवलेलं. म्हंजी अंगातलं पाणी आटलंय, येळ न्हाई. पाण्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडलं.

दोन वाजून चाळीस. हवालदारसाहेब पळत आले. बघितलं. टोपी काढली, परत घातली.

"बच्ची मायकल को दो. कल रिलीफवाले आएँगे. पंद्रह सौ बजे मूव्ह."

"साब, ही उद्याला ऱ्हात न्हाई," मी मराठीतच बोलले. ते गढवालचे, पण कळलं त्यांना.

"सिव्हिलियन गाडी में नहीं चढेगा. क्लिअरन्स नहीं है. ये ऑर्डर है, शीतल."

"ऑर्डर सुनी साब."

आन् मी जागची हलले न्हाई. हातात पोरगी, पण हलले न्हाई. रेडिओ ऑपरेटरच्या हातातला हँडसेट वढला.

"बेस, पॉइंट टू. एक बच्ची सीरियस. क्लिनिक लेके जाना है. ओव्हर."

बेसवरनं आमच्या मेजर मॅडमचा आवाज आला. "पॉइंट टू, नेगेटिव्ह. क्लिअरन्स नहीं है. मूव्ह ॲज पर ऑर्डर. ओव्हर."

"मॅडम, चढूँगी तो बच्ची के साथ चढूँगी. नहीं तो यहीं हूँ. ओव्हर."

मंग नुसती खरखर. मला वाटलं आता संपलं, नोकरी गेली, आणि आमी पुलाच्या अलीकडं आडकलो तर बाकीच्या अकरा जणींचं काय? हेबी डोक्यात व्हतं. खोटं कशाला सांगू?

मॅडम परत बोलल्या, "हवालदार को सेट दो."

साहेब तीनदा "जी मॅडम" म्हणले. सेट ठेवला. माज्याकडं बघून म्हणले, "चढ. समझता था मेरी घरवाली दुनिया में सबसे जिद्दी है. आज तसल्ली हुई, दो हैं."

निघताना म्हातारीनं मला थांबवलं. तिनं तो भरलेला डबा बाईपाशी आणला व्हता. घोटभर वंजळीत घेऊन मेलेलीचं तोंड धुतलं. मंग माजी बाटली वढून घेतली, त्याच डब्यातलं पाणी भरलं, पोरीकडं बोट केलं. लाईनीतल्या सगळ्या तहानलेल्या. कुणी त्या डब्याला तोवर बोट लावलेलं नव्हतं. मायकल म्हणला, बाईचं नाव अबुक.

गाडीत मी त्याच पाण्यात ओआरएस कालवलं. चमचा चमचा घातलं. अकरा किलोमीटर. सात किलोमीटर झाल्यावर पोरगी रडली. रडली तवा साहेब पुढं बघत म्हणले, "हां, अब ठीक है." क्लिनिकला उतरवली, ती जगली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी आमी पूल ओलांडला.

आठवड्यानं पेशी झाली. टोपी, बेल्ट काढून सावधान उभी केली. कर्नलसाहेब म्हणले, "ऑर्डर नहीं मानी. कुछ कहना है?"

मी म्हणले, "साब, दो बार नहीं मानी. पहली बार डिब्बा लाइन से नहीं हटाया. हटाती तो उसी वक्त सब पूछते, किसका है. अकरा बजे पूछते. उसकी सजा दीजिए. दूसरी की माफी नहीं माँगूँगी."

रेड इंक एंट्री मिळाली, म्हंजी नोकरीच्या कागदावर लाल शाईनं लिवलेली शिक्षा, रेडिओवर ऑर्डर मोडल्याबद्दल. डब्याचं कागदावर कायबी आलं न्हाई. ते माजं मलाच वागवावं लागतंय.

आता नोकरी सोडून घरी हाय. गावातल्या माजी सैनिकांनी आठवणी लिवून द्या म्हणले, म्हणून लिवतीय. बाकीच्यांनी लढाया लिवल्या असतील. माज्याकडं एवढंच हाय.

औंदा पठारावर परत टँकर चालू हाय. हंड्यांची लाईन लागती. मी लाईनीत एकटा हंडा बघितला की पुढं सरकवत न्हाई, बाहेरबी काढत न्हाई. स्वराला काखंत मारते आन् घर शोधत जाते. दार वाजवते, तोंड बघते, मंग येऊन हंडा हातानं सरकवते. बाया हसत्यात. "आली गं फौजीण, हजेरी घ्यायला!" मागल्या मंगळवारी एकजण वैतागली, "अगं, मी न्हाणीत व्हते, तिथंबी आलीस?" आले. परत येईन. हसा किती हसायचं ते.

अबुकला बघितलेली मी, मायकल, साहेब आन् ती लाईन. हिकडं तिचं नाव घेणारी मी एकटीच. म्हणून हितं लिवून ठेवलं.

आता तुमी सांगा. कडक ऊन, दोनशे बाया, मागं ऑर्डर, आणि लाईनीत लाल चिंधीचा रिकामा डबा. तुमी काय केलं असतं?