शून्य धुळीचा फिल्टर

मी धूळ मोजतो. मोहालीच्या नॉलेज सिटीत माझी प्रयोगशाळा आहे आणि हवेत तरंगणारे कण हा माझा गेल्या वीस वर्षांचा विषय. त्यामुळे हवा आणि धूळ यांवर कुणी तोंड उघडलं की माझं डोकं उठतं. बहुतेकांना त्यातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.

मुलीनं पहिल्या नोकरीच्या पैशांतून जुनी टर्बो गाडी घेतली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. बारावीनंतर तिनं मला कशातलं काही विचारलं नव्हतं. कॉलेज, नोकरी, ही गाडी, सगळं तिनं परस्पर ठरवलं. एका रविवारी पोहे खाताना ती म्हणाली, "बाबा, एअर फिल्टर बदलना है. आप बताओ ना, कौन सा लूँ?"

मी चमचा खाली ठेवला. आनंद झाला होता, तो मी दाखवला नाही.

आम्ही मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये गेलो. दुकानदारानं एक लाल, उघडा, शंकूसारखा फिल्टर पुढे केला. "सर जी, इसकी आवाज़ सुनो. पूरा सेक्टर मुड़ के देखेगा."

मी विचारलं, "उघडा आहे म्हणजे बॉनेटखालची तापलेली हवाच ओढणार ना हा?" अर्थात हिंदीत, पण याच सुरात.

"ठंडी हवा तो जी शिमले में मिलेगी," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. असल्या माणसांच्या हातात लोक आपली इंजिनं देतात. बाहेर पडेपर्यंत मी त्याच्या अकलेचं मोजमाप मोठ्यानं करत होतो. मुलगी दोन पावलं मागे चालत होती.

तिच्या ऑफिसातल्या कुणी मित्रानं तेल लावलेला सुती फिल्टर सांगितला होता, धुऊन पुन्हा वापरता येणारा. त्या मित्राची मी गाडीत बसल्या बसल्या सालटी काढली. तेल जास्त झालं तर ते पुढच्या सेन्सरवर बसतं, आणि ज्याला स्वतःचे मोजे धुवायची अक्कल नाही तो फिल्टर काय धुणार! मी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"तो फिर कंपनी वाला पेपर फिल्टर ही ले लूँ?" तिनं विचारलं.

बरोबर उत्तर हेच होतं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा छोटा, भयंकर वेगानं फिरणारा पंखा. धूळ त्याची पाती खाते, आणि साधा कागदी फिल्टर ती धूळ बऱ्यापैकी अडवतो. मला हे माहीत होतं. पण हेच तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा टाय लावलेला पोरगाही सांगतो. तेच मीही सांगायचं, तर मग मी कशाला हवा? म्हणून मी म्हणालो, "कंपनीला काय, खपलं की झालं. थांब, मी बनवतो."

पराळीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या भाताच्या खुंटांचा धूर गोळा करायला आम्ही प्रयोगशाळेत काचतंतूंचा बारीक कागद वापरतो. तो मी तिच्या फिल्टरच्या मापानं कापला, निऱ्यांसारख्या घड्या घातल्या, कडा चिकटवल्या. आमच्या छोट्या पंपावर लावून पाहिला. पलीकडे एकही कण नाही. शून्य! तो आकडा मी मुलीला फोटो काढून पाठवला, आणि संध्याकाळी फिल्टर स्वतः गाडीत बसवला.

पुढच्या शनिवारी ती आम्हा दोघांना कसौलीला घेऊन निघाली. स्वतःच्या गाडीतून आईबाबांना नेण्याची तिची पहिली वेळ. परवाणूपर्यंत ठीक होतं. चढ लागला आणि गाडी धापा टाकू लागली. मागून आलेला भाजीचा टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. स्टिअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी तिला गिअर कसा टाकावा ते सांगत होतो. बायको म्हणाली, "अहो, आता गप्प बसा."

धरमपूरला रस्त्याकडेच्या मेकॅनिकनं फिल्टरचा डबा उघडला, माझी निऱ्यांची करामत बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. त्याला सांगायला माझ्याकडे शब्द तयार होते. तो एवढंच म्हणाला, "इसमें से धूल नहीं जाएगी. हवा भी नहीं जाएगी."

मी काय अडतं ते मोजलं होतं. किती जातं ते मोजलं नव्हतं. आमचा पंप चमच्यानं हवा पितो, टर्बो घागरीनं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं ही चूक केली असती तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलला असता.

"पुराना वाला है?" मेकॅनिकनं विचारलं.

मी नाही म्हणणार, एवढ्यात मुलीनं डिकी उघडली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला जुना कागदी फिल्टर तिनं काढून दिला. तिनं तो मी नवा बसवला त्याच संध्याकाळी ठेवला असणार. मेकॅनिकनं तो झटकून बसवला आणि गाडी पहिल्यासारखी बोलू लागली.

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तू आधीच सांगायचं होतंस."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, मैंने पूछा था कौन सा लूँ. आपने बस ये बताया कि कौन-कौन बेवकूफ़ है."

कसौलीत आम्ही चहा प्यायलो, फोटोही काढले. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली.

गेल्या महिन्यात तिनं गाडीचे चारही टायर बदलले. हे मला खाली पार्किंगमध्ये, गाडीजवळून जाताना दिसलं.