दाराला वरवंटा

पनवेलच्या लाईन आळीत दिवसाढवळ्या कुणाचं दार बंद नसे. शशिकलाताईंचंही नसे, पण त्यांच्या उघड्या दाराला वरवंटा लावलेला असे. साधं कडीचं दार ते, वाऱ्याने आपटलं तर पुन्हा ढकलून उघडावं. तरी वरवंटा हवाच. शिवाय घराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. "अगं, बूड टेक जरा," यजमान कृष्णकांतराव कावून म्हणत. बाई टेकत, आणि लगेच उठून दारापर्यंत एक फेरी मारून येत.

कोन गावाहून भाजीची टोपली घेऊन येणारी कमळाबाई तर रोज हसे. "ताई, मंग चटनी कशानं वाटता? दार काय पलून जानार हाय?"

कॅनडाला जाऊन येण्याआधी ही बाई अशी नव्हती, एवढं आळीला ठाऊक होतं. तिकडे काय झालं, ते मात्र ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते इतकंच. त्र्याण्णव साली ताई लेकीच्या, मितालीच्या बाळंतपणाला टोरांटोला गेल्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या म्हातारीने बशीभर केक पाठवला होता. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे काय कुणी शिकवावं लागतं? ताईंनी शिरा केला, तान्ह्या निनादला झोपवलं आणि बशी घेऊन समोरच्या दाराशी गेल्या. मागे खट् आवाज झाला. तिथली दारं आपणहून कुलूप लावून घेतात, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. आत पोर उठून रडायला लागलं. बाहेर ताई दार बडवतायत, एका हातात शिरा. म्हातारीने फोन केला, पोलीस आले, दार उघडलं. पोर सुखरूप होतं. आपल्या आळीत असतं तर सगळ्यांनी हसून तो शिरा खाल्ला असता. तिथे दुसऱ्या दिवशी सरकारी बाई चौकशीला आली. बाळाला एकटं का सोडलं? घरी आणखी कोण असतं? मिताली मान खाली घालून इंग्रजीत उत्तरं देत होती आणि ताई आतल्या खोलीत बसून होत्या. पुढच्या आठवड्यापासून निनादला सांभाळायला पगारी मुलगी यायला लागली. घरात सख्खी आजी असताना! मिताली एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

आता तीन वर्षांनी मिताली निनादला घेऊन माहेरी आली होती आणि ताईंचा जीव एकाच गोष्टीपाशी टांगलेला होता. ही पोराला आपल्यापाशी एकटं ठेवील का? मिताली शिंप्याकडे निघाली, निनाद बरोबर. देवळात निघाली, निनाद बरोबर. ताई दारापर्यंत पोचवायला जात आणि तशाच परत येत. स्वतःचाच नातू मागायचा तरी कसा?

शेवटी मितालीची दाढ मदतीला आली. गाल टम्म सुजला, डॉक्टरकडे जाणं भाग होतं. निनाद जेवून झोपलेला, कृष्णकांतराव बँकेत. चपला घालून मिताली उंबऱ्याबाहेर बराच वेळ रेंगाळली.

"आई, जाऊन येते. तू आहेस ना इथेच?"

"मी कुठे जाणार?" ताई म्हणाल्या. ती गेल्यावर त्या एक डोळा आत, एक बाहेर ठेवून उंबऱ्यात बसल्या.

तेवढ्यात कमळाबाई आली. टोपलीत वालाच्या शेंगा शिगोशीग. डोक्यावरचं ओझं उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि मागितला की तो द्यायचा असतो. रोज ताईच पायऱ्या उतरून द्यायच्या.

"ताई, हात लावा जरा."

"कमळाबाई, मला खाली येता येत नाही गं. पोर झोपलंय आत."

"झोपलाय तं झोपू द्या की! मान मोडली माजी."

"नाही. तू पुढच्या घरी जा."

कमळाबाई बघतच राहिली. ओझ्याखालच्या माणसाला नाही म्हणणारं घर या आळीत तिला कधी भेटलं नव्हतं. ताईंना शरमेने रडू फुटलं, पण उंबऱ्यावरून त्या हलल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्याआडून कुणीतरी धावत आलं आणि टोपलीला हात लावला. मिताली होती.

"काय गो पोरी, आय येडी झाली का तुजी?" कमळाबाई पायरीवर टेकत म्हणाली.

"तू गेली नाहीस?" ताईंनी विचारलं.

"पाय निघाले नाहीत."

"माझ्यावर पाळत ठेवलीस, मिताली?"

मिताली गाल धरून खाली बसली. "त्या सरकारी बाईने मला विचारलं होतं, आईवर तुझा भरवसा आहे का. हो म्हटलं असतं तर पोर नेतील अशी भीती वाटली. मी नाही म्हणाले, आई. तू आतल्या खोलीत होतीस. आणि एकदा म्हटल्यावर ती पगारी मुलगी ठेवावीच लागली."

ताईंना राग आला, भयंकर आला. मग लेकीचा सुजलेला गाल दिसला.

"पोर राहिलं ना तुझ्यापाशी? मग बरं केलंस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता जा, दाढ दाखवून ये. या वेळी खरोखर जा."

मिताली उठली. आत न डोकावता निघाली. कोपऱ्यावर थांबली, वळून बघितलं, आणि गेली.

कमळाबाई शेंगा निवडत होती. "ताई, आता तरी काडा तो वरवंटा."

"निनाद उठू दे," ताई म्हणाल्या.