एकशे चाळीस कुकर

गल्लीत तिला सगळे शिट्टीमावशी म्हणत, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तिने त्याचं कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान चालवायला घेतलं, तेव्हा "बाईमाणसाला पाना धरता येतो का?" म्हणून हसणारे कमी नव्हते. त्याच हसणाऱ्यांचे कुकर आता तिच्या फळीवर रांगेने बसलेले असत. तिचा एक हट्ट होता. दुरुस्त झालेला कुकर पाणी घालून गिऱ्हाइकासमोर शेगडीवर चढवायचा, तीन शिट्ट्या ऐकवायच्या आणि मगच हातात द्यायचा. कुणी घाई केली की ती फाडकन म्हणे, "घाई असेल तर नवा घे. तुझ्या बायकोचं तोंड कुकरसमोर असतं, तुझं नाही."

मतदानाला चार दिवस उरले होते, तेव्हा शेजारची शिंपीण चादरीत काहीतरी गुंडाळून दुकानात शिरली.

"हँडल हलतंय गं. जरा आवळून दे. आणि कुणाला बोलू नकोस."

चादरीतून कोरा करकरीत कुकर निघाला. मावशीने तो लगेच ओळखला. न ओळखायला काय झालं! असे एकशे चाळीस कुकर तिच्याच सुनेने गेल्या आठवड्यात घरोघर पोचवले होते. निवडणुकीला उभे साहेब, कुकर साहेबांचे, आणि उन्हातान्हात वाटत फिरणारी महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणजे हिची सून. दर दारात यादीत नाव लिहायचं, घरात मतं किती ते लिहायचं आणि बाईकडून शब्द घ्यायचा, की सगळी मतं साहेबांना. बदल्यात सुनेला पालिकेच्या दवाखान्यात कायमची नोकरी मिळणार होती. पोरगी तीन वर्षं तिथे रोजावर राबत होती. आज ये म्हटलं की जायचं, उद्या नको म्हटलं की घरी बसायचं.

त्यावरून सासू-सुनेची वाजलीही होती.

"फुकट ते पौष्टिक, असं वाटतं होय तुम्हाला?" मावशी कडाडली होती.

"अहो आई, सगळेच वाटतात. घेणारे घेतात आणि मत द्यायचं त्यालाच देतात."

"म्हणजे देणारा लबाड आणि घेणाराही लबाड. एकाच्या जागी दोन झाले की पाप फिटतं का गं?"

मावशीने पुढे ताणलं नव्हतं. नोकरीची आस तिलाही होती. का नसावी? लेक महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, नातवाला दम्याचा त्रास. तोंडाने भांडली, पण कुकर ठेवायला दुकानातली जागा तिनेच दिली होती. हे मात्र ती कुणापाशी बोलली नव्हती.

शिंपीण कुकर ठेवून गेली, आणि मावशीने हँडल आवळून सवयीने झाकण उलटं केलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये आतून तार घातली. तार जाईना. तिने चष्मा पुसला, पुन्हा घातली. मग झाकण उजेडात धरलं. वरून व्हॉल्व्हची चकचकीत टिकली ठोकलेली आणि आत भोकच नव्हतं! शिट्टीची नळी तुंबली तर वाफेने जायचं कुठून?

तिने सुनेला हाक मारली. वाटून उरलेले दोन कुकर दुकानातच होते. दोन्ही तसलेच.

"आई, एखाददुसरा खराब निघाला असेल..."

"तिनातले तीन? खराब नाही गं पोरी, बनवलेतच असे."

तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको धापा टाकत दारात आली.

"मावशी, पंधरा मिनिटं झाली, शिट्टीच होत नाही! झाकण थरथरतंय. चमच्याने शिट्टी उचलू का?"

"हात लावलास तर हात तोडीन! घरात कोण आहे?"

"सासूबाई. त्यांना उठता येत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशीच खाट आहे त्यांची."

तिघी पळाल्या. घर पाचव्या दाराशी होतं, पण मावशीला ती वाट सरेना. आत शिरल्या शिरल्या तिला तो आवाज ऐकू आला. बारीक, दात आवळून कुणी कण्हावं तसा. चाळीस वर्षं कुकर ऐकणाऱ्या कानांना तो पुरेसा होता. "म्हातारीला गादीसकट ओढा, बाहेर!" ती ओरडली. सून खांद्याकडून आणि बेकरीवाली पायाकडून ओढू लागली. म्हातारी घाबरून शिव्या घालत होती. ओट्याखालच्या सिलिंडरपर्यंत पोचायचं तर कुकरच्या पुढ्यातून जायला हवं होतं. मावशी सरळ फरशीवर पालथी पडली. साठीला टेकलेली बाई कोपरांवर सरकत गेली, डोकं वर न करता हात लांबवला आणि रेग्युलेटर बंद केला. तशीच सरकत मागे आली.

अर्धा तास कुणालाही आत जाऊ दिलं नाही तिने. मग झाकण उघडलं. नळीत डाळीचं एक साल अडकलं होतं, नखाएवढं.

गल्लीत बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो! दुपारी साहेबांचा कार्यकर्ता दुकानासमोर मोटारसायकल लावून उभा राहिला. मोठा गोड बोलत होता.

"मावशी, चार दिवस कळ काढा. मतदान झालं की सगळे बदलून देतो."

"चार दिवसांत दर घरी आठ वेळा कुकर चढतो, बाबा. मी आत्ता दारोदार जाऊन सांगणार."

"सांगा की. पण कुणी दिले म्हणून सांगाल? साहेबांचं नाव कुकरवर आहे का कुठे? यादी मात्र आमच्याकडे आहे, आणि ती तुमच्या सुनेच्या अक्षरात आहे. मत विकत घेणं गुन्हा आहे, मावशी. पोलीस आले तर अक्षर कुणाचं बघतील?" मोटारसायकल सुरू करता करता तो म्हणाला, "नोकरीची ऑर्डर टाइप होऊन पडलीय. आता तुम्हीच बघा."

तो गेला आणि मावशीचा सगळा ताठा गळून पडला. खोटं कशाला बोला, ती घाबरली. आतून सुनेला बोलावून खालच्या आवाजात म्हणाली, "आपण असं करू. मी फुकट सर्व्हिसिंगच्या नावाखाली घरोघर जाते, गुपचूप व्हॉल्व्ह बसवते. कुणाला काही कळायला नको."

"व्हॉल्व्ह किती आहेत तुमच्याकडे?"

"अकरा."

"आणि घरं एकशे चाळीस."

"अगं, तुला आत टाकतील! पोराने कुणाकडे बघायचं?" मावशीला रडू फुटलं. जन्मभर दुसऱ्यांवर खेकसलेली बाई सुनेचा हात धरून म्हणत होती, "गप्प बस. माझं ऐक, या खेपेला गप्प बस."

सुनेने हात सोडवून घेतला. कपाटातून यादीची आपल्याकडची प्रत काढली.

"अक्षर माझंच आहे ना, आई? मग कुकर कुणाकुणाकडे गेलेत ते मलाच ठाऊक. दुसरं कोण सांगणार?"

आणि ती निघालीसुद्धा. मावशी दुकानाचं शटर अर्धं ओढून, कोपऱ्यातलं रिकामं पोतं उचलून तिच्यामागे धावली.

यादीतलं पहिलं नाव गवंड्याच्या बायकोचं होतं. चार मतं. सुनेने जे होतं ते दारातच सांगितलं, आडपडदा न ठेवता. कुकर कसले आहेत, बेकरीवाल्याच्या घरी काय झालं, आणि चूक आपली आहे. गवंडीण ऐकत राहिली. आत जाऊन कुकर घेऊन आली, पण द्यायला हात पुढे करेना. छातीशी धरून उभी राहिली.

"हा परत दिला तर आमच्या शब्दाचं काय? घरातल्या चौघांचा शब्द दिलाय मी. आम्ही शब्द मोडणारी माणसं नाही."

गरिबाला एवढंच तर राखायचं असतं, आणि नेमकं तेच या लोकांनी एका पत्र्याच्या भांड्यात विकत घेतलं होतं. मावशीने चिडून हातातलं पोतं झटकलं.

"वहिनी, शब्द साहेबांना नाही दिलात," सून म्हणाली. "या दारात उभं राहून मी मागितला, मला दिलात. मी तुम्हाला त्यातून मोकळं केलं. मत तुमचं, कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. कुकर द्या."

गवंडिणीने कुकर पुढे केला, आणि मावशीने पोत्याचं तोंड उघडून धरलं.